कंठातली पोथी

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

गेल्या वर्षी मार्गशीर्षात सप्ताहाला बसलो आणि पहिल्याच दिवशी कळून चुकले की पोथी आता आपल्याला दिसत नाही. दिसत नाही म्हणजे पानाच्या कडा दिसतात, शेजारची समई दिसते, पण ज्या अक्षरावर नजर ठेवावी तेच नेमके पुसून जाते. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो आहे, चष्मा बदलून उपयोग नाही, असे डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितले होते. तरी मोठा दिवा लावून, भिंग धरून मी रेटत होतो. त्या दिवशी भिंगानेही हात टेकले.

मंदिरातली तरुण मंडळी म्हणाली, "काका, मोबाईलवर लावून देतो. तुम्ही नुसते ऐका." त्यांचे म्हणणे प्रेमाचेच होते. पण मला वाटले, ऐकायचे कशाला? तीस पारायणे झाली आहेत, आपण म्हणूच की! डोळे मिटले आणि पहिला अध्याय सुरू केला. चार ओव्या नीट आल्या, पाचवी अर्ध्यात अडकली. मग मधला एखादा अध्याय आठवून पाहिला. कथा सगळ्या ठाऊक, कुठल्या अध्यायात काय ते ठाऊक, पण ओवी एकही धड येईना. तीस वर्षे वाचले आणि तीस ओव्याही पाठ नाहीत! आदल्याच वर्षी तीस पारायणे पूर्ण झाली म्हणून चारचौघांत शाल-श्रीफळ घेतले होते. ती शाल कपाटात होती. ओव्या कुठे होत्या?

हे दुःख मी घरात कोणाला सांगितले नाही. सांगितले ते आमच्या इमारतीतल्या पापाजींना.

फाळणीनंतर मुलुंडला निर्वासितांची वसाहत झाली, ती मुलुंड कॉलनी. पापाजींचे कुटुंब तिकडचे. रावळपिंडीकडून आलेले. आता वय पंच्याऐंशीच्या पुढे. काचबिंदूने त्यांची नजर जाऊन बरीच वर्षे झाली. पण पहाटे साडेचारला आंघोळ करून ते गॅलरीत बसतात आणि हलक्या आवाजात 'जपजी साहिब' म्हणतात. त्यांच्याकडे याला अमृतवेळा म्हणतात, आपण ब्राह्ममुहूर्त म्हणतो. पंचवीस वर्षे मी तो आवाज ऐकतो आहे. आधी तर मला वाटायचे, रेडिओच लावलाय.

मी माझी हकीकत सांगितली. ते थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांच्या मराठीत म्हणाले, "अण्णा, आमची बीजी रोट्या लाटायची आणि मी समोर बसून म्हणायचो. पाच वर्षांचा असेन. चुकलो की लाटणं थांबायचं. बस, एवढंच. मारलं कधी नाही. पुढे गाव सोडलं, तेव्हा गुटकासुद्धा घरीच राहिला. कंठात होतं तेवढं बरोबर आलं." गुटका म्हणजे नित्यपाठाची लहान पोथी. आपल्याकडचा तो तंबाखूचा गुटखा नव्हे!

त्या दिवसापासून मी त्यांना विचारत गेलो, आणि त्यातून जे समजले ते आपल्या मंडळींपुढे ठेवावेसे वाटते.

शीख घरांत 'बाणी कंठ करणे' हा संस्कार आहे. जपजी ही गुरू नानकदेवांची बाणी, ग्रंथसाहिबाच्या अगदी आरंभी येते. मूलमंत्र, मग ३८ पौड्या म्हणजे पायऱ्या, आणि शेवटी एक सलोक. सकाळी जपजी आणि इतर बाण्या, सूर्यास्ताला रहिरास, निजताना सोहिला. हा त्यांचा नितनेम, आपला नित्यनेमच. पूर्ण ग्रंथ १४३० पानांचा. तो सगळा पाठ करा असे कोणी सांगत नाही, पण नितनेम तरी कंठस्थ असावा असे मानतात. आणि ध्यानात घ्या, ग्रंथाचा मान या लोकांइतका कोण ठेवतो? त्यांच्याकडे ग्रंथ हाच गुरू. त्याला पालखी, त्याला चवरी, रात्री विश्रांतीला स्वतंत्र खोली. अखंड पाठ असला की पाठी आळीपाळीने बसून सुमारे ४८ तासांत सगळा ग्रंथ वाचतात, तोही समोर पाहूनच. म्हणजे पोथी नव्हती म्हणून पाठ केले, असे नाही. पोथीला गुरू मानूनही पाठ केले.

याच्या मागे एक हकीकत आहे. आदिग्रंथाची पहिली प्रत पाचवे गुरू अर्जनदेव यांनी १६०४ साली सिद्ध केली. भाई गुरदासांनी ती लिहिली. पुढे दहावे गुरू गोविंदसिंह यांना त्या प्रतीची गरज पडली, तेव्हा ती ज्यांच्या ताब्यात होती त्यांनी दिली नाही. तेव्हा गुरूंनी पंजाबात दमदमा येथे बसून संपूर्ण ग्रंथ मुखाने सांगितला आणि भाई मणिसिंगांनी तो लिहून घेतला, असे शीख परंपरा सांगते. त्यात नववे गुरू तेगबहादूर यांची बाणी घातली गेली. हार्बर लाइनवरच्या कोळीवाडा स्टेशनाला आता नाव आहे ते याच गुरूंचे. आणि १७०८ साली, देह ठेवण्यापूर्वी, गुरू गोविंदसिंहांनी याच ग्रंथाला गुरुपद दिले. कुठे? आपल्या नांदेडला, गोदावरीकाठी. माहूर म्हणजे श्रीदत्तप्रभूंचे निद्रास्थान, तेही त्याच जिल्ह्यात. माहूरला जाताना आपण किती वेळा नांदेडला उतरलो, गुरुद्वाऱ्यात डोके झाकून लंगरचा प्रसाद घेतला, पण हे कधी मनात आले नाही.

आणखी एक गोष्ट ऐकून तर मान खाली गेली. ग्रंथसाहिबात आपल्या नामदेव महाराजांची ६१ पदे आहेत. त्यांतली काही पापाजींना पाठ आहेत. पंढरीच्या विठ्ठलभक्ताचे शब्द रावळपिंडीच्या माणसाच्या कंठात, आणि मी पंढरीच्या मुलखातला असून रिकामा!

आता कोणी म्हणेल, पाठ असणे म्हणजे भक्ती का? पोपटालाही पाठ असते. अर्थ कळल्याशिवाय घोकंपट्टी काय कामाची? हा प्रश्न खरा आहे, आणि झटकून टाकण्यासारखा नाही. मी तो पापाजींना विचारला, तेव्हा त्यांनी भाई गोपाला यांची साखी सांगितली.

सहावे गुरू हरगोविंद एकदा म्हणाले, जपजी शुद्ध आणि एकचित्ताने म्हणणारा कोणी आहे का? भाई गोपाला पुढे आले आणि म्हणू लागले. पाठ इतका तन्मय चालला की गुरू आपल्या आसनावरून सरकू लागले. हा माणूस पाठ संपवील तेव्हा त्याला आपली गादीच द्यावी, असे त्यांच्या मनात होते. पण शेवट जवळ आला आणि गोपालांच्या मनात विचार आला, गुरूंचा तो उमदा घोडा आपल्याला बक्षीस मिळाला तर! पाठ संपला. गुरूंनी घोडा दिला. गुरू म्हणाले, गादी देणार होतो, तुम्ही घोडा मागितलात.

गोष्ट ऐकली आणि मला माझी शाल आठवली. तीस पारायणांत मी काय मागत होतो? पाचव्या-सहाव्या पारायणापासून आकडा मागत होतो. पंचविसावे, सव्विसावे. पान उलटायचे, अध्याय संपवायचा, नैवेद्याची वेळ गाठायची. डोळे ओवीवर आणि मन आकड्यावर. जे मनातून गेलेच नाही ते कंठात राहणार कसे?

श्रीगुरुचरित्रात हीच शिकवण आहे, आणि ती मी तीस वेळा वाचली होती! वेदविद्येच्या जोरावर जयपत्रे मिळवीत फिरणारे दोन विद्वान. त्यांना वेद पाठ होते. ते त्रिविक्रमभारतींकडे गेले, वाद करा नाहीतर जयपत्र लिहून द्या म्हणाले, आणि शेवटी गाणगापुरास श्रीनृसिंहसरस्वतींपुढे आले. महाराजांनी आधी वेदांचा विस्तार समजावला. ऐकेनात, तेव्हा वाटेने जाणाऱ्या एका माणसाला बोलावले. गावाने ज्याला पतित म्हणून दूर ठेवले होते, असा तो माणूस. जमिनीवर सात रेघा काढून त्या ओलांडायला लावल्या. एकेका रेघेबरोबर त्याला पूर्वजन्म आठवत गेले आणि सातव्या रेघेपलीकडे तो वेद म्हणू लागला.

मी हे सांगितले तर पापाजी हसले. म्हणाले, "आमच्याकडेपण आहे." आठवे गुरू हरकिशन, वय जेमतेम सात-आठ, दिल्लीला जाताना अंबाल्याजवळ पंजोखऱ्यास थांबले. तिथल्या लालचंद पंडितांनी त्यांना गीतेचा अर्थ सांगण्याचे आव्हान दिले. बालगुरूंनी छज्जू नावाच्या एका अडाणी पाणक्याला पुढे केले, त्याला छडीचा स्पर्श केला, आणि तो गीतेचा अर्थ सांगू लागला.

दोन संप्रदाय, दोन काळ, पण गुरूंनी धडा एकच दिला. पाठांतर हे जयपत्र नव्हे. ते दुसऱ्याला दाखवायला केले की त्याचा घोडा होतो, शाल होते.

मग पाठ करावेच का? मला वाटते, करावे. दाखवायला नव्हे, सोबतीला. म्हातारपणी एकेक गोष्ट हातातून सुटत जाते. आधी जिने, मग दात, मग डोळे. रात्री तीनला झोप मोडते, घरातले झोपलेले असतात, दिवा लावला तर सुनेची झोप मोडेल. इस्पितळात हाताला सलाइन लावलेले असते, पोथी धरता येत नाही. त्या वेळी जे आत आहे तेच आपले. शिवाय वाचताना मन भटकले तरी डोळे पुढे जात राहतात, अध्याय संपतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. तोंडपाठ म्हणताना मन भटकले की पुष्कळदा ओवी तिथेच अडते. आपण कुठे होतो ते लगेच कळते. पापाजींच्या बीजीचे लाटणे थांबायचे, तसेच.

यावर मंदिरातल्या एका भगिनींनी मला विचारले, "पण ज्यांना पाठच होत नाही त्यांनी काय करायचे?" त्यांच्या सासूबाईंना करुणात्रिपदी उत्तम पाठ होती. पुढे विस्मरणाचा आजार झाला. घरच्यांची नावे गेली, तरी आरतीच्या वेळी ओठ हलायचे. गेल्या चातुर्मासापासून तेही थांबले. "त्यांनी केलेले मग फुकट गेले का?" असे त्या म्हणाल्या, तेव्हा त्यांचा आवाज कापत होता.

मला जे सुचले ते सांगितले. गुरुचरित्रातच पाहा. आठव्या अध्यायातला अंबिकेचा मंदबुद्धी मुलगा, सतराव्या अध्यायातला करवीरचा मुलगा. काही केल्या विद्या येईना, लोकांची निंदा सहन होईना, म्हणून या दुसऱ्याने भिलवडीला भुवनेश्वरीपुढे जीभ कापून ठेवली. पण कृष्णेच्या पैलतीरी औदुंबराखाली महाराज होतेच. ज्यांना पाठ होत नव्हते त्यांना महाराजांनी आधी जवळ घेतले. आणि तो सात रेघा ओलांडलेला माणूस? पुढे अंगावरचे भस्म धुतले गेले आणि त्याचे सगळे ज्ञान गेले. तो पूर्वीसारखा घरी गेला. तो विसरला, पण महाराज त्याला विसरले असतील, असे आपल्यापैकी कोणाला वाटते का? आपण पाठ करतो ते आपल्याला महाराजांची आठवण राहावी म्हणून. त्यांना आपली आठवण असतेच, त्यासाठी आपली स्मरणशक्ती लागत नाही. तेव्हा आजींचे काही फुकट गेले नाही. आता घरच्यांनी त्यांच्या उशाशी बसून म्हणावे, एवढेच.

माझे सांगायचे तर, सात हजारांच्या घरातल्या ओव्या आता या वयात पाठ होणार नाहीत. म्हणून टेंबे स्वामींचे घोरकष्टोद्धरण स्तोत्र घेतले आहे. अवघे पाच-सहा श्लोक. नात शाळेतून आली की एक चरण वाचून दाखवते, आधी अर्थ सांगून घेते, मग मी म्हणतो. चुकलो की ती गप्प बसते. तिला सगळे केव्हाच पाठ झाले, मी अजून तिसऱ्या श्लोकात अडखळतो. पापाजी रोज विचारतात, "अण्णा, कितना हुआ?"

मंडळींना एकच विनंती. डोळे चांगले आहेत तोवर थोडेसे काही कंठात घालून ठेवा. एक स्तोत्र, एक अष्टक, दहा ओव्या, जे झेपेल ते. ठरल्या वेळी, अर्थ समजून, आणि शक्यतो घरातल्या एखाद्या मुलाला समोर बसवून. किती झाले ते मोजू नका. यंदाच्या सप्ताहात मी मागच्या रांगेत पोथीशिवाय बसणार आहे. वाचणाऱ्यांचे ऐकीन आणि मधे मला येते तेवढे मनात म्हणीन.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥