पिंपातली किल्ली

वर्ष संपत आलं की हाय-एंड ऑडिओच्या अमेरिकन समीक्षकांच्या आवडत्या यंत्रांच्या याद्या येतात. कुणाला टर्नटेबल आवडलेलं असतं, कुणाला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर. आणि ज्या स्पीकरजोडीची किंमत मोटारीएवढी, तिनं श्रोता आणि संगीत यांच्यातला पडदा दूर केला, असं हमखास लिहिलेलं असतं. (हा पडदा दर वर्षी दूर होतो. इतके पडदे होते तरी कुठे?)

मला यातला ‘आवडतं’ हा शब्द खटकतो. मला कारलं आवडतं म्हटलं तर कुणी पुरावा मागत नाही. ‘पडदा दूर झाला’ हा मात्र दावा आहे, तो खरा किंवा खोटा असू शकतो. दावा करायचा आणि कुणी हटकलं की आवडीच्या आडोशाला जायचं, ही सोय समीक्षकाला आहे. त्याच्याकडे यंत्र बहुधा उसनं आलेलं असतं; विश्वास ठेवून पैसे मोजणाऱ्या वाचकाला तसा आडोसा नाही.

डेव्हिड ह्यूमनं १७५७ साली अभिरुचीवर लिहिलेल्या निबंधात ‘डॉन किहोते’मधला एक किस्सा वापरला आहे. सांचो पांझाचे दोन नातलग पिंपातली वाइन चाखतात. एक म्हणतो, उत्तम आहे, पण चामड्याची किंचित चव लागते. दुसरा म्हणतो, लोखंडाची. लोक दोघांनाही हसतात. पुढे पिंप रिकामं होतं, तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली सापडते. किल्ली निघाली नसती, तरी त्या दोघांची जीभ तितकीच तयार राहिली असती, पण तसं म्हणायला हसणाऱ्यांकडे कारण नव्हतं.

ऑडिओत पिंप रिकामं करून पाहणारे लोक आहेत. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी हार्मन कंपनीतल्या ४० कर्मचाऱ्यांना चार स्पीकर ऐकवले: एकदा समोर दिसत असताना, एकदा पडद्याआड. दिसत असताना मोठ्या, महागड्या स्पीकरना जास्त गुण मिळाले. पडद्याआड ही तफावत बरीचशी ओसरली. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. खोलीत स्पीकरची जागा बदलली की आवाज खरोखरच बदलतो. पडद्याआड ऐकताना लोकांना तो बदल कळत होता. स्पीकर दिसत असताना मात्र तो गुणांत फारसा उमटला नाही. म्हणजे डोळ्यांनी नसलेला फरक ऐकवला एवढंच नव्हे, असलेला फरक झाकलाही.

मग २०२२ साली मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचं प्रकरण झालं. मूळ अ‍ॅनालॉग टेपवरून काढलेल्या म्हणून तिच्या रेकॉर्ड नावाजलेल्या होत्या. डिजिटल आवाज निर्जीव असतो आणि आपल्याला तो लगेच ओळखू येतो, असं मानणारे कानसेन त्यांची वाखाणणी करत. अ‍ॅरिझोनातल्या एका रेकॉर्ड-विक्रेत्यानं शंका जाहीर केली, आणि कंपनीच्या अभियंत्यांनी कबूल केलं की २०११ पासून बऱ्याच रेकॉर्डच्या निर्मितीत मधे एक डिजिटल टप्पा होता. ग्राहक कोर्टात गेले. फसवणुकीचा राग योग्यच होता. नाव एक आणि माल दुसरा. पण इतकी वर्षं ती किल्ली पिंपात होती आणि लोखंडाची चव कुणाला लागली नव्हती, याबद्दल कोर्टात जाण्याची सोय नाही.

मग त्या वर्षांतला आनंद खोटा होता का? सुख खोटं असू शकतं का, हा वाद प्लेटोच्या ‘फिलेबस’मध्येही आहे. मला वाटतं, आनंद खरा होता, त्याचं सांगितलेलं कारण खोटं होतं. अंधारात तांबूस उजळणारे व्हॉल्व्ह पाहताना गाणं अधिक गोड वाटत असेल, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त तो गोडवा डोळ्यांच्या खात्यावर लिहावा.

यावर समीक्षक म्हणतात की यंत्राची ओळख पटायला महिने लागतात, पडद्याआडच्या घाईत ती पटत नाही. हे मला पोकळ वाटत नाही. पण महिनाभर ऐकून झाल्यावर, ओळख पटल्यावर, पडदा लावायला काय हरकत आहे? लागतं ते इतकंच: आवाज आरपार जाऊ देणारं पातळ कापड, तारा बदलायला एक मित्र, आणि दोन्ही यंत्रांचा आवाज मोजून सारखा करायला एक मीटर, कारण किंचित मोठा आवाज आपल्याला मोठा न वाटता चांगला वाटतो. दोन मोकळ्या दुपारी पुरतील.