धूळ कुठली, फोटो कुठला?

जुन्या निगेटिव्हचं चांगलं स्कॅन कशाला म्हणायचं? वरवर पाहता प्रश्न तांत्रिक आहे. स्कॅनर कुठला, डीपीआय किती, फाइल जेपीजी की टिफ, एवढं ठरलं की झालं. पण कपाटात सापडलेल्या पट्ट्या खरोखर स्कॅन करायला घेतल्या, की यंत्र एकामागून एक निर्णय आपल्यावर सोपवू लागतं. हा डाग काढू? हा चेहरा उजळू? साडी अशीच लाल होती का? आणि ज्यांना विचारावं, ती माणसं बहुतेकदा हयात नसतात. म्हणून मला हा प्रश्न नैतिक वाटतो. जे आता हरकत घेऊ शकत नाहीत, त्यांच्या चेहऱ्याला आपण कितपत हात लावावा?

आधी सोपा भाग उरकू. 35 एमएम फिल्मची एक फ्रेम 36 बाय 24 मिलिमीटरची असते. ती खऱ्या 4000 डीपीआयने स्कॅन केली तर साधारण 21 मेगापिक्सेलची फाइल मिळते. ‘खऱ्या’ म्हणण्याचं कारण असं, की खोक्यावर छापलेला आकडा आणि यंत्राला प्रत्यक्ष दिसणारा तपशील यांत बरंच अंतर असतं, विशेषतः कागद स्कॅन करणाऱ्या सपाट स्कॅनरमध्ये. 8 बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 छटा मावतात, 16 बिटमध्ये 65,536. फिल्म सपाट बसायला हवी, फोकस नेमका हवा, आणि आधी ब्लोअरने धूळ उडवायला हवी. इथे उत्तर सरळ आहे: फिल्मवर आहे ते जास्तीत जास्त उचला. फक्त आळस नको.

अडचण रंगापासून सुरू होते. स्लाइड उजेडासमोर धरली की फोटो दिसतो. स्कॅन तिच्याशी ताडून बघता येतं. कलर निगेटिव्हचं तसं नाही. ती नारिंगी दिसते, कारण फिल्ममधली रंगद्रव्यं शुद्ध नसतात आणि त्यांची चूक भरून काढायला हा नारिंगी थर मुद्दाम ठेवलेला असतो. सॉफ्टवेअरला तो वजा करून, चित्र उलटं करून, पांढरं काय आणि काळं काय याचा अंदाज बांधावा लागतो. म्हणजे ज्याच्याशी तुलना करावी असा ‘मूळ रंग’ डोळ्यांना कुठेच दिसत नाही. अल्बममधली प्रिंट? तीही त्या वेळच्या लॅबमधल्या कुणीतरी ठरवलेली.

अन्सेल ॲडम्स हा अमेरिकन छायाचित्रकार आधी पियानो शिकलेला होता. निगेटिव्ह म्हणजे संगीताची लिहिलेली रचना आणि प्रिंट म्हणजे तिचं वादन, असं तो म्हणायचा. आपल्याला बंदिशीवरून हे लगेच कळेल. बंदीश चार ओळींची, पण ती प्रत्येक गवयाच्या गळ्यातून वेगळी येते, आणि त्यातलं एकच गाणं खरं असं कुणी म्हणत नाही. मात्र म्हणून काहीही गायलेलं चालतं असंही नाही. रागात नसलेला स्वर लागला की जाणकाराच्या कपाळाला आठी पडतेच. स्कॅनचंही तसंच आहे. बरोबर स्कॅन अनेक असू शकतात, पण चुकीचं स्कॅनही असतं. ते ओळखायचं कसं, हा खरा प्रश्न.

‘मी मशीनवर सोडतो, मशीन पक्षपात करत नाही’ हे उत्तर मोहक आहे, पण टिकत नाही. कोडॅक लॅबना रंग जुळवण्यासाठी एक नमुन्याचा फोटो देत असे. त्यावरच्या पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. कित्येक दशकं त्यावर गोरी बाईच असायची. तिची त्वचा नीट दिसली की यंत्र ‘बरोबर’. सावळ्या त्वचेतले बारकावे त्यात हरवले तरी ती चूक धरली जात नव्हती. आजचं ऑटो-करेक्शन कार्ड बघत नाही, पण तेही अंदाजच करतं. फ्रेममधली सगळी चमक सरासरीवर आणलं की काळोख्या माजघरात बसलेली सावळी बाई झटक्यात दोन छटा उजळते. तिथे काळोख होता आणि ती सावळी होती, या दोन्ही गोष्टी त्या फोटोतून निघून जातात.

आता याची दुसरी बाजू बघा. आपल्याकडे स्टुडिओत रिटचिंगचं काम हाताने चालायचं. अणकुचीदार पेन्सिलीने थेट निगेटिव्हवर बारीक रेघा मारत. निगेटिव्हवर जिथे काळं, तिथे प्रिंटमध्ये उजेड. त्यामुळे डोळ्यांखालची वर्तुळं, देवीचे व्रण, गालांचा सावळेपणा, सगळं पेन्सिलीने उजळवता यायचं. आज चांगल्या स्कॅनमध्ये त्या रेघा स्पष्ट दिसतात. त्या घाण समजून पुसायच्या, की फोटोचा भाग समजून ठेवायच्या?

कुणी म्हणेल, पुसा, खरा चेहरा दिसू दे. पण त्या बाईने पदर नीट करून, पैसे मोजून जो फोटो काढून घेतला, तो उजळ चेहऱ्याचाच होता. कदाचित लग्नासाठी दाखवायला. ती निवड तिच्या काळाच्या दबावाखाली झाली असेल, त्याबद्दल आपल्याला चीड येऊ शकते, यायलाही हवी. तरी ‘तुझं खरं रूप मी दाखवतो’ म्हणत तिच्या नावावर आपली मतं चढवणं हीसुद्धा एक जबरदस्तीच. पेन्सिलीची रेघ म्हणजे कुणीतरी जाणूनबुजून केलेली गोष्ट. धूळ कुणी केलेली नसते. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो: जे आपोआप साचलं ते काढावं, जे कुणी ठरवून केलं ते राहू द्यावं.

हा फरक यंत्राला कळत नाही, याचा एक सुंदर पुरावा आहे. महागड्या फिल्म स्कॅनरमध्ये धूळ काढायची सोय असते. ते फिल्मवर अवरक्त प्रकाश टाकतात. कलर फिल्ममधली रंगद्रव्यं तो आरपार जाऊ देतात, धूळ आणि ओरखडे अडवतात. जे अडलं ती घाण, हे गणित तिथे जमतं. पण पारंपरिक ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हमध्ये चित्रच चांदीच्या कणांचं असतं, आणि चांदीही तो प्रकाश अडवते. यंत्राच्या लेखी मग धूळ आणि आजोबा एकच. तिथे माणसालाच बसून एकेक ठिपका बघावा लागतो: हा फिल्मवरचा डाग, की गालावरचा तीळ?

फोटो ‘रिस्टोअर’ करणारी ॲप तर यापुढे जातात. तीस जणांच्या ग्रुप फोटोत एक चेहरा फिल्मवर मिलिमीटरभर असू शकतो. 4000 डीपीआयला त्याच्या वाट्याला जेमतेम 157 पिक्सेलची रुंदी येते, त्यातही फिल्मचा रवा. ॲप तेवढ्यावरून पापण्या, ओठांच्या कडा, बुबुळातली चमक काढून देतं. ते कुठून येतं? इतर असंख्य चेहऱ्यांवरून. फॅमिली ग्रुपवर पन्नास हार्ट येतात आणि तीच प्रत सगळीकडे जाते. तीस वर्षांनी एखाद्या मुलीला सांगतील, ‘तुझे डोळे अगदी पणजीसारखे.’ ते डोळे पणजीचे नसतीलच. आज हे खोटं कुणाला टोचत नाही, कारण ज्यांची फसवणूक होणार आहे त्या अजून जन्मायच्या आहेत. रागात नसलेला स्वर तो हाच: जो उजेड फिल्मवर कधी पडलाच नाही, तो पडला होता असं सांगणं.

म्हणून काही सुधारूच नये का? तसं नाही. सर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रशियात तीन रंगांच्या फिल्टरमधून काचेवर निगेटिव्ह घेतल्या. त्यातल्या सुमारे 1,900 अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 1948 साली विकत घेतल्या आणि पुढे स्कॅन केल्या. आज तिथे जुळवलेले रंगीत फोटो बघता येतात, आणि कडा तुटलेल्या, डाग पडलेल्या मूळ काचांची स्कॅनही. रंग पटला नाही तर कुणीही पुन्हा मुळाकडे जाऊन नव्याने जुळवू शकतो. अर्थ लावायला हरकत नाही. अर्थ लावताना मागचा दरवाजा बंद करायला आहे.

घरी हे करायचं तर दोन फाइल ठेवाव्या लागतात: एक फिकी, डागांसकट, कशालाही हात न लावलेली, दुसरी तुमच्या आवडीची. याला किंमत आहे. 16 बिटची एक फ्रेम साधारण 130 एमबी, 36 फ्रेमचा रोल साडेचार जीबीच्या पुढे. फुकटच्या 15 जीबीत तीन रोल संपले. सगळं जपणं कुणालाच परवडणार नाही, आणि प्रत्येक फ्रेम तेवढ्या मोलाचीही नसते. मग निवडा. पण निवडलेल्या फोटोंची हात न लावलेली प्रत ठेवा. आणि स्कॅन झालं म्हणून निगेटिव्ह रद्दीत टाकू नका. आपल्या दमट हवेत तिला बुरशी लागते, जुन्या ॲसिटेट फिल्मला व्हिनेगरसारखा आंबट वास सुटतो, तरीही कोरड्या, थंड जागी ती बरीच वर्षं टिकते. उद्याचा स्कॅनर तिच्यातून आजच्यापेक्षा जास्त काढेल.

आणखी एक गोष्ट फुकट आहे. सुधारलेली प्रत ग्रुपवर टाकताना खाली एक ओळ लिहा: ‘डाग काढलेत, रंग माझ्या अंदाजाने. चेहऱ्याला हात लावलेला नाही.’ लावला असेल, तर तसं लिहा.