काठावरची होडी

मुळा नदीकाठी पुण्याच्या पूर्वीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा, म्हणजे आताच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाचा, बोट क्लब आहे, 1928 पासूनचा. तिथला रेगाटा पाहायला पुणेकर दरवर्षी गर्दी करतात. मशालींचा उजेड, पाण्यावर बाणाच्या आकारात सरकणाऱ्या नावा. मला मात्र ओढ वाटते ती काठावर पालथ्या घातलेल्या एखाद्या जुन्या लाकडी होडीची.

अशी होडी दुरुस्तीला घ्यायची, तर आधी तिचं ऐकावं लागतं. बोटाच्या पेराने फळी ठोकायची. टणक आवाज आला तर लाकूड जिवंत आहे, बद्द आला तर आत कुज आहे. कुज बहुधा कोपऱ्यात सुरू होते, कारण पावसाचं गोडं पाणी तिथे साचून राहतं. खारं पाणी त्या मानाने लाकडाला कमी छळतं. कुजलेला भाग कापायचा, नीट वाळलेलं लाकूड बेतून बसवायचं, सांध्यांत कापसाचे पेड ठासायचे, तेल मुरू द्यायचं. एका रविवारी एक फळी झाली तरी पुष्कळ. पावसाळ्यात तर हात आवरूनच बसायचं. ओल्या लाकडावर रंग धरत नाही.

आणि इतकं करून होडी पाण्यात सोडली, की ती गळते! जीव खालीवर होतो. पण कोरडं लाकूड पाणी पितं, फुगतं, आणि हळूहळू फळ्या एकमेकींना घट्ट धरतात. तोवर आपण होडीत बसून, डबा घेऊन, पाणी उपसत राहायचं.