एकच उत्तर

एका लहान गावातली मुलगी शहरातल्या कॉलेजात शिकायला आली. अभ्यासात हुशार, धावण्यात चपळ, बोलायला कमी. वसतिगृहात तिला एक खोली मिळाली, खोलीत एक मैत्रीण मिळाली. खाली मेस होती. ती एक मावशी चालवत.

एकदा मैदानावर सराव संपल्यावर तिला कुणीतरी म्हणालं, "थोडं वजन उतरवलंस तर आणखी वेगात धावशील." म्हणणारा विसरून गेला. मुलीनं ते धरून ठेवलं. आधी तिनं गोड सोडलं, मग भात सोडला, मग रात्रीचं जेवण. पुढे पुढे सोडणं तेवढंच तिला जमू लागलं.

मावशींनी विचारलं, "पोरी, ताट का नाही घेतलंस?"

"मावशी, आज उपास आहे."

सोमवार झाला, गुरुवार झाला, चतुर्थी झाली, एकादशी झाली. मावशी स्वतः उपास करणाऱ्या. त्यांना तिचं कौतुकच वाटलं. मैत्रिणीला ती म्हणे, "मी कॅन्टीनमध्ये खाऊन आले." खेळाच्या सरांना म्हणे, "स्पर्धेसाठी डाएट चालू आहे, सर." रोज रात्री आईचा फोन येई. आईचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "जेवलीस का?" उत्तरही ठरलेलं असे, "हो, पोटभर."

चार माणसांकडे चार उत्तरं होती. प्रत्येकाला आपल्याजवळचं खरं वाटत होतं. ती चौघं एकमेकांशी कधी बोलली नव्हती. बोलायचं कारणच काय होतं?

मुलीला दुपारच्या उन्हातही थंडी वाजू लागली. केस गळू लागले. पाळी थांबली. रात्री झोप येईना, तेव्हा ती मोबाइलवर पाककृती बघत बसे. पुरणपोळी, बिर्याणी, बासुंदी. त्यातलं काही करायचं नव्हतं आणि खायचं तर नव्हतंच, तरी पहाटेपर्यंत डोळे हलत नसत. मग एका सकाळी ती जिन्यात चक्कर येऊन पडली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात ती चौघं पहिल्यांदा एका बाकावर बसली. आई रातोरात एसटीनं आली होती.

"उपासांनीच अशक्तपणा आला असेल," मावशी म्हणाल्या.

"कसले उपास?" आईनं विचारलं. "आमच्या घरी तिनं कधी उपास केला नाही."

"पण ती कॅन्टीनमध्ये जेवते ना," मैत्रीण म्हणाली.

सरांनी डाएटचं सांगितलं. एकेक उत्तर बाहेर आलं आणि चौघांना कळलं की पोरगी कुठेच जेवत नव्हती.

डॉक्टर बाहेर आल्या. मुलीची नाडी मिनिटाला 42 होती. उभी राहिली की रक्तदाब खाली येत होता. रक्तात पोटॅशियम कमी झालं होतं. "याला ॲनोरेक्सिया नर्व्होसा म्हणतात," त्या म्हणाल्या. "हट्ट समजून रागावू नका. हा जिवावर बेतणारा आजार आहे."

आईनं पिशवीतून डिंकाच्या लाडवांचा डबा काढला. डॉक्टरांनी तिच्या हातावर हात ठेवला. "आज नको, ताई. इतक्या उपाशी शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं, तर रक्तातलं फॉस्फेट झपाट्यानं उतरतं आणि हृदयाला धोका होतो. रोज रक्त तपासायचं आणि थोडं थोडं वाढवायचं." आईनं डबा पुन्हा पिशवीत ठेवला. लेक समोर उपाशी असताना हात आवरणं सोपं नसतं. तिनं ते केलं.

मुलगी दवाखान्यात राहिली. एका संध्याकाळी तिनं डॉक्टरांना हळूच पाककृतींचं सांगितलं. "मला वेड लागलंय का?"

डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या. "1944-45 सालची गोष्ट आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञांनी 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ते आपणहून तयार झाले होते. महायुद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं उभं करायचं, ते शोधायचं होतं. ते तरुण पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागले. ताटं चाटू लागले. चिडू लागले, मित्रांपासून तुटले. खायला मिळू लागल्यावरही त्यांचं मन ताळ्यावर यायला कितीतरी महिने लागले. तुझं डोकं उपाशी आहे, बाळ. आधी त्याला खाऊ घालू, मग त्याच्याशी बोलू."

मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा रडली.

ती वसतिगृहात परतली, तेव्हा सगळेच धावले. मैत्रीण तिच्या पोळ्या मोजू लागली. मावशी न विचारता तूप वाढू लागल्या. सर म्हणाले, मन खंबीर कर. रेक्टर म्हणाल्या, हिला घरी पाठवा. आईचे फोन दर दोन तासांनी येऊ लागले. सगळ्यांची माया खरी होती आणि प्रत्येक जण एकट्यानं ती करत होता. थोड्याच दिवसांत मुलीनं प्रत्येकासाठी नवं उत्तर तयार केलं.

कॉलेजात एक समुपदेशक ताई होत्या. त्यांनी मुलीला विचारलं, "या सगळ्यांना एकत्र बसवू का? तू हो म्हणालीस तरच. तू माझ्याजवळ मन मोकळं करतेस, ते माझ्याजवळच राहील. बाकीचं मात्र सगळ्यांना सारखं कळेल." मुलीनं बरेच दिवस घेतले. मग ती हो म्हणाली.

रेक्टरांच्या खोलीत सगळी बसली. डॉक्टर आल्या, आहारतज्ज्ञ आल्या, मुलगी तर होतीच. कामं वाटली गेली. नाडी, रक्त आणि वजन डॉक्टरांनी पाहायचं. वजन करताना मुलीनं काट्याकडे पाठ करून उभं राहायचं. तीन जेवणं आणि मधली तीन खाणी आहारतज्ज्ञांनी तिच्याशी बोलून ठरवायची. मावशींनी ठरलेलं ताट काही न बोलता वाढायचं. मैत्रिणीनं समोर बसून जेवायचं, सिनेमाबद्दल बोलायचं आणि पोळ्या मोजायच्या नाहीत. डॉक्टर सांगेपर्यंत धावणं बंद. "किती वाळलीस" किंवा "छान भरलीस" यातलं काही कुणीच म्हणायचं नाही.

तेव्हा सर खाली बघत म्हणाले, "वजनाचं ते मीच म्हणालो होतो." त्यांना कुणी दोष दिला नाही. त्यांनी आपणहून मैदानावरच्या सगळ्या मुलामुलींसमोर तसं बोलणं बंद केलं.

आईचं काम सगळ्यात अवघड होतं. तिनं "जेवलीस का?" विचारायचं नव्हतं. पहिल्या रात्री तिनं फोन लावला आणि तिला दुसरं काही सुचेना. दोघी गप्प राहिल्या. मग आई म्हणाली, "आपल्या गाईला कालवड झाली." मुलीनं विचारलं, "रंग कसा आहे?" पुढे अर्धा तास त्या दोघी बोलत होत्या. त्या दोघींचं इतकं बोलणं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

परीक्षा जवळ आली आणि मुलगी पुन्हा घसरली. मेसच्या दारात ती म्हणाली, "मावशी, आज उपास आहे."

मावशींनी हातातली पळी खाली ठेवली. "पोरी, हे मी समुपदेशक ताईंना सांगणार. तुझ्या पाठीमागे सांगणार नाही, म्हणून आधी तुला सांगते."

मुलगी चिडली. मावशींशी बोलेनाशी झाली. मावशींनी तिचं ताट रोज वेळेवर वाढलं. त्याच आठवड्यात सगळी पुन्हा बसली, परीक्षेच्या दिवसांतली खाण्याची वेळ बदलली, एक विषय पुढे ढकलला. काही दिवसांनी मुलगी स्वतःच ताट घ्यायला आली.

या गोष्टीत कुणी एकट्यानं तिला वाचवलं नाही. डॉक्टरांना मेसमधलं दिसत नव्हतं, मावशींना रक्तातलं कळत नव्हतं, आईला दोन्ही दिसत नव्हतं. सगळ्यांच्या मधे जी फट होती, तिथं तो आजार सुखानं राहत होता. माणसं जवळ सरकली, तशी त्याची जागा कमी होत गेली. असं व्हायला दोन वर्षं लागली आणि त्यात मुलगी अनेकदा रागावली.

तिसऱ्या वर्षी समुपदेशक ताईंची बदली झाली. नव्या ताई आल्या. रेक्टरांच्या खोलीत सगळी पुन्हा बसली. कोण काय करतं ते नव्या ताईंना सांगायला डॉक्टर पुढे सरसावल्या, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "मी सांगते." तिनं एकेकाचं काम सांगितलं. शेवटी म्हणाली, "आणि मागच्या आठवड्यात मी दोनदा दुपारचं जेवले नाही. हे अजून कुणालाच माहीत नाही. आता सगळ्यांनाच सांगते."