प्रारब्ध आणि मातेचे रक्त
गर्भोपनिषदात नवव्या महिन्यातील गर्भाला पूर्वजन्मांचे स्मरण होते असे म्हटले आहे; परंतु ज्या मेंदूत ते स्मरण उमटावयाचे, त्याची घडण त्या महिन्याच्या कितीतरी आधी, गर्भाची स्वतःची अवटु ग्रंथी काम करू लागण्यापूर्वीच, मातेच्या रक्तातून येणाऱ्या थायरॉक्सिन या संप्रेरकावर अवलंबून असते, आणि आंतरकर्णातील श्रवणेंद्रियाचा विकासही त्याच्याच हुकमतीखाली होतो. मातेच्या आहारात आयोडीनची तीव्र उणीव असेल, तर मूल जन्मतः मूकबधिर आणि बुद्धीने मंद निपजू शकते. अशा मुलाच्या पदरी प्रारब्धाचा दाखला टाकून मोकळे होणे मला अधर्म्य वाटते. कर्मसिद्धान्त मी नाकारीत नाही; पण जे टाळता येण्याजोगे आहे, त्याची जबाबदारी जिवंतांच्या दप्तरातून काढून गतजन्मांच्या खाती वर्ग करण्याचा अखत्यार त्या सिद्धान्ताने कोणालाही दिलेला नाही. आणि ही उणीव खरोखरच टाळता येते: कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली आरंभिलेल्या प्रयोगात आयोडीनयुक्त मिठाने, त्याच उणिवेतून उद्भवणाऱ्या गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे घटले, आणि १९६२ मध्ये भारत सरकारने गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला.