मग त्यांनी राहायचे कुठे?

सन १८४१ मधली गोष्ट. बत्तीस वर्षांचा अब्राहम लिंकन आपल्या जोशुआ स्पीड या मित्राबरोबर लुइव्हिलहून सेंट लुईसला बोटीने निघाला होता. त्याच बोटीवर बारा गुलाम होते. केंटकीत विकत घेतलेले, साखळीला ठरावीक अंतरावर जखडलेले आणि दक्षिणेकडच्या मळ्यांवर चालवलेले. प्रवासानंतर लिंकनने जोशुआच्या सावत्र बहिणीला पत्र लिहिले, त्यात या माणसांचे वर्णन आहे. बायकामुलांपासून कायमचे तुटलेले हे लोक बोटीवर सगळ्यांत आनंदी दिसत होते, एक जण तर सारखा फिडल वाजवत होता. देव माणसाला कसेही दिवस सुसह्य करून देतो, असा त्या मजकुराचा सूर. पुढे १८५५ साली याच प्रवासाची आठवण त्याने खुद्द जोशुआला लिहिली. त्या पत्रात फिडलचा उल्लेखही नाही. ते दृश्य मला सतत छळत आले आहे, असे तो म्हणतो. जोशुआचे घराणे गुलाम बाळगणारे होते, हे इथे लक्षात ठेवायला हवे.

आपल्याकडे लिंकन भेटतो तो बहुधा मुख्याध्यापकांना लिहिलेल्या पत्रातून. शाळांच्या भिंतींवर वर्षानुवर्षे लटकणारे ते पत्र त्याने लिहिल्याचा पुरावा नाही, पण तो विषय वेगळा. त्या पत्रातला लिंकन पहिल्यापासून शहाणा आहे. दोन पत्रांमधला हा लिंकन शिकत गेलेला दिसतो, आणि मला त्याच्यातच अधिक रस आहे.

गुलामगिरी अन्याय्य आहे हे त्याचे मत कधी बदलले नाही. १८३७ साली इलिनॉयच्या विधिमंडळात त्याने एका सहकाऱ्यासह तसे लेखी नोंदवले होते. गुलामगिरी ताबडतोब मोडा म्हणणाऱ्यांच्या प्रचाराने अपायच अधिक होतो, हेही त्याच निवेदनात आहे. बदलत गेले ते वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर. हे लोक सुटले, तर मग त्यांनी राहायचे कुठे?

लिंकनचा राजकीय आदर्श होता हेन्री क्ले. क्लेचे उत्तर सोपे होते: मुक्त झालेल्यांना आफ्रिकेत पाठवा. १८५४ साली कॅन्सस आणि नेब्रास्काच्या नव्या प्रदेशांना गुलामगिरीचे दार उघडे करणारा कायदा झाला आणि वकिलीत रमलेला लिंकन पुन्हा राजकारणात उतरला. त्या वर्षीचे पिओरियाचे भाषण वाचताना त्याच्या मनातली ओढाताण लपत नाही. सर्व सत्ता हाती दिली तरी काय करावे हे मला कळणार नाही, अशी कबुली तो देतो. पहिला विचार येतो तो सर्वांना मुक्त करून लायबेरियात पाठवण्याचा. पण एका दिवसात तिथे उतरवले तर दहा दिवसांत सगळे मरतील, हेही त्याला दिसते. मग मुक्त करून इथेच बरोबरीने वागवायचे? त्याला माझे मन तयार नाही, आणि माझे झाले तरी बहुसंख्य गोऱ्यांचे होणार नाही. चार वर्षांनी सिनेटच्या प्रचारात, चार्ल्स्टनच्या सभेत तर मतदान, ज्यूरी आणि आंतरवर्णीय विवाह यांतले कोणतेच हक्क कृष्णवर्णीयांना देण्याच्या बाजूचा मी नाही, असे त्याने स्वच्छ सांगितले. मते मिळवण्यासाठी बोलला असेल, असे म्हणून त्याचे चाहते हे वाक्य बाजूला सारतात. मला ते पटत नाही. पिओरियात तो जे चाचरत म्हणाला, तेच इथे न चाचरता म्हणाला.

लिंकन राष्ट्राध्यक्ष झाला, दक्षिणेकडची राज्ये फुटली आणि १८६१ च्या एप्रिलमध्ये यादवी युद्ध पेटले. मेमध्ये व्हर्जिनियातल्या फोर्ट मन्रो या संघराज्याच्या किल्ल्यावर तीन गुलाम होडीने येऊन दाखल झाले. बंडखोर सैन्य त्यांच्याकडून तटबंदीची कामे करून घेत होते. मालकाचा माणूस त्यांना परत मागायला आला. किल्ल्याचा सेनापती बटलर मुळात वकील. तुम्ही यांना मालमत्ता म्हणता ना, मग शत्रूची मालमत्ता युद्धात जप्त होते, म्हणून त्याने नकार दिला. बातमी पसरली आणि माणसे शेकड्यांनी किल्ल्याकडे येऊ लागली. गुलामांचा प्रश्न युद्धाच्या मध्यभागी आणला तो या चालत, होड्या वल्हवत आलेल्या लोकांनी. राष्ट्राध्यक्ष अजून केंटकीसारखी सीमेवरची राज्ये हातून जाऊ नयेत या चिंतेत होता. जनरल फ्रीमाँटने मिसुरीत मुक्तीचा हुकूम काढला, तो लिंकनने फिरवला. पुढच्या वर्षी जनरल हंटरचा हुकूमही रद्द केला.

१८६२ चा उन्हाळा या कथेतला सगळ्यांत गुंतागुंतीचा भाग आहे. २२ जुलैला त्याने मंत्रिमंडळापुढे मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा वाचला. पराभवांमागून पराभव होत असताना असे काही काढले तर ती हताशपणाची हाक वाटेल, एखादा विजय मिळेपर्यंत थांबा, असा सल्ला परराष्ट्रमंत्री सुअर्डने दिला. मसुदा बाजूला ठेवला गेला. तो तसा असतानाच १४ ऑगस्टला लिंकनने पाच कृष्णवर्णीय प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावले आणि सांगितले की आपण वेगळे झालेलेच बरे, मध्य अमेरिकेत कोळशाच्या खाणी आहेत, तुम्ही पुढाकार घ्या. स्वतः गुलामगिरीतून निसटलेला फ्रेडरिक डग्लस आपल्या मासिकातून त्याच्यावर तुटून पडला. सप्टेंबरात अँटिटमच्या लढाईत हवा होता तो विजय मिळाला, २२ तारखेला प्राथमिक जाहीरनामा निघाला. तरीही डिसेंबरच्या संदेशात हाच माणूस काँग्रेसपुढे घटनादुरुस्त्या मांडतो: मालकांना भरपाई, १९०० पर्यंत लांबवता येणारी मुक्ती आणि स्वेच्छेने परदेशी जाणाऱ्यांसाठी पैसा. महिन्याभराने, १ जानेवारी १८६३ रोजी सही झालेल्या अंतिम जाहीरनाम्यात परदेशी पाठवण्याचा विषय नाही. त्याऐवजी मुक्त झालेल्यांना सैन्यात घेण्याचे कलम आहे.

त्या एका कलमाने जुन्या प्रश्नाची मांडणीच उलटवली असे मला वाटते. पुढे सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय संघराज्याच्या फौजेत लढले. ज्या देशासाठी माणसाला मरायला बोलावले, तो देश सोडून जा असे त्यालाच कोणत्या तोंडाने सांगणार? १८६३ च्या ऑगस्टमध्ये कॉन्कलिंग या मित्राला लिहिलेल्या जाहीर पत्रात लिंकन कृष्णवर्णीय सैनिकांच्या बाजूने गोऱ्या टीकाकारांना खडसावतो. त्याच महिन्यात डग्लस त्याला प्रथम भेटला, सैनिकांना पगार बरोबरीने द्या म्हणून. लिंकनने ऐकून घेतले, पण तेव्हा दिले काही नाही; समान पगाराचा कायदा १८६४ च्या जूनमध्ये झाला. दरम्यान हैतीजवळच्या वाश बेटावर वसवण्यासाठी पाठवलेल्या साडेचारशेच्या आसपास कृष्णवर्णीयांची देवी आणि उपासमारीने दैना झाली आणि वाचलेल्यांना सरकारने जहाज पाठवून परत आणले. राष्ट्राध्यक्षाने वसाहतीची कल्पना टाकून दिली, अशी नोंद त्याचा सचिव जॉन हे याने त्या वर्षीच्या जुलैत रोजनिशीत केली.

राहणार ते इथेच, हे ठरल्यावर पुढचा प्रश्न टळत नव्हता: राहणार कोण म्हणून? मार्च १८६४ मध्ये न्यू ऑर्लिन्सचे दोन कृष्णवर्णीय गृहस्थ मताधिकाराचा अर्ज घेऊन त्याला भेटले. त्यानंतर थोड्याच दिवसांत लिंकनने लुइझियानाच्या गव्हर्नरला खासगी पत्र लिहून सुचवले की त्यांच्यातल्या सुजाण लोकांना आणि विशेषतः सैनिकांना मत देता येईल का, ते पाहा. ११ एप्रिल १८६५ ला, व्हाइट हाउसच्या खिडकीतून जमावापुढे, तेच तो उघड बोलला. चार्ल्स्टनला सात वर्षेही झाली नव्हती. जमावात जॉन विल्क्स बूथ होता. तीन दिवसांनी त्याने गोळी झाडली.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, एकट्या राष्ट्राध्यक्षाला नव्हे. मुक्ती हे एकट्याचे काम नव्हते, हे पुण्यात बसून त्यांना दिसले होते. वॉशिंग्टनमध्ये मात्र १८७६ साली उभा राहिला तो लिंकनचा पुतळा, आणि त्याच्यापुढे गुडघा टेकलेला गुलाम. पैसा होता मुक्त झालेल्यांचा, पहिले पाच डॉलर शार्लट स्कॉट या पूर्वी गुलाम असलेल्या बाईने दिले. आराखडा ठरवताना त्यांना विचारले नव्हते. अनावरणाचे भाषण डग्लसचे. लिंकन हा मुळात गोऱ्यांचा राष्ट्राध्यक्ष होता, हे त्याने राष्ट्राध्यक्ष ग्रँटसमोर सांगितले. गुलामगिरी-निर्मूलनवाद्यांच्या नजरेने तो संथ आणि थंड वाटेल, पण देशाच्या मताशी ताडून पाहिले तर वेगवान आणि जहाल होता, हेही सांगितले. काही दिवसांनी त्याने एका वृत्तपत्राला पत्र पाठवले: मरण्याआधी मला कृष्णवर्णीय माणसाचा असा पुतळा पाहायचा आहे, जो गुडघ्यांवर नाही, आपल्या पायांवर उभा आहे.