पाठवाऱ्यातली झीज
कारंजा लाडपासून समुद्र सुमारे पाचशे किलोमीटर लांब. तरी इथला कापूस समुद्राच्याच वाटेला लागायचा: ‘शकुंतला’ रेल्वेच्या अरुंद रुळांवरून मूर्तिजापूरला, तिथून मोठ्या गाडीने मुंबई बंदराकडे. त्या काळी जहाजांची शिडंही जवसाच्या धाग्याची नाहीतर सुती असत. आज सकाळी जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग पाहताना त्या शिडांचा विचार मनात आला.

शीड वादळातच झिजतं, असं आपल्याला किनाऱ्यावरून वाटतं. पण वादळात खलाशी शीड आखडतो, उतरवतो, डोळ्यांत तेल घालून जागतो. खरी झीज होते ती वारा पाठीमागून एकसारखा, हवा तसा वाहत असताना. डोलकाठी उभी असते दोन्ही अंगांनी ताणलेल्या पोलादी तारांच्या बळावर. त्या तारांना बाहेर रेटायला काठीवर आडव्या दांड्या असतात. पाठवाऱ्यात शीड बाहेर सोडलं की ते याच तारांना, दांड्यांच्या टोकांना जाऊन टेकतं, आणि नौकेच्या प्रत्येक डुलण्यासरशी तिथेच घासत राहतं. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेवरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्या वाटेवरच्या दक्षिण महासागरात पश्चिमेचा वारा आठवडेच्या आठवडे पाठीशी असतो.

सुती कापडात शिवण रुतून बसायची. आताचं पॉलिएस्टर मजबूत, न कुजणारं, पण ताठ. त्यात टाका रुतत नाही, वर उघडा राहतो आणि सगळ्यांत आधी तोच तुटतो. कापड धड आणि शिवण उसवलेली!

घरातही आजारपणात, संकटात आपण एकमेकांशी जपून वागतो. सगळं सुरळीत असताना मात्र ज्यांच्या आधारावर उभे आहोत, त्यांच्याशीच रोजची घासाघीस चालते, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

शिडाच्या झिजेवर नाविकांचे उपाय साधे आहेत. दांड्यांच्या टोकांना चामडं शिवायचं. तारांवर सैल फिरणाऱ्या नळ्या चढवायच्या. पूर्वी जुने दोर उकलून त्यांचे झुपके बांधत. शिडाखालचा सोट खाली ओढून धरायचा, म्हणजे शीड फुगून तारांवर फार रेलत नाही. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते ठिगळ. आपल्याकडे ठिगळ लागतं फाटल्यावर. जाणता नाविक कोरं शीड चढवून बघतो, दांडीचं टोक जिथे टेकतं तिथे पेन्सिलीने खूण करतो आणि प्रवासाला निघण्याआधीच तेवढ्या जागी जाड कापड लावतो. कोऱ्या शिडावर ते डोळ्यांना खुपतं, पण घासणं त्याने आधीच गृहीत धरलेलं असतं. ठिगळ झिजलं की उसवायचं आणि त्याच जागी दुसरं लावायचं.